विशूचा जाड रेडिएटर

हे मी बायकोलासुद्धा बोललो नाही. विशूला तर नाहीच नाही. एकदा शेगावला दर्शनाच्या रांगेत उभा असताना मनातल्या मनात शब्द जुळवत होतो — इथं तरी म्हणून टाकावं, ऐकणारा काही उलटून विचारणार नाही — पण समाधीसमोर पोचलो आणि घाईघाईत मुलाच्या नोकरीचं काहीतरी मागून बाहेर आलो. तिथंही विषय बदलला. तेव्हा पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा, की सांगणारा माणूस हा असा आहे. माझ्यावर एकदम विश्वास टाकू नका.

मी डोणगावचा. आपल्याच जिल्ह्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. उष्णता कशी वाहते, कशी काढून घ्यायची, हा माझा विषय. विश्वनाथ — विशू — दुसरबीडचा. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे तो बाहेर गेला, विमान चालवायला शिकला, मग एका फ्लाइंग क्लबात इतरांना शिकवू लागला. वडील गेल्यावर शेती बघायला परत आला. पण वर बघत चालायची सवय काही सुटली नाही. एक दिवस मला फोन करून म्हणाला, "दिगू, दोन माणसं बसतीन एवढं इमान बनवून राह्यलो मी. येतं का?"

गेलो. का नाही जाणार? कॉलेजात वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढत होतो — गरम इकडून, थंड तिकडून. इथं खरं काहीतरी होतं. त्याच्या शेतातल्या कापसाच्या गोदामात पंखांचा सांगाडा टेकवून ठेवलेला. बाहेर रोलर फिरवून सपाट केलेली धावपट्टी. हवेतलं सगळं त्याचं आणि इंजिन थंड ठेवायचं माझं, अशी आमची वाटणी झाली. पहिली दोन वर्षं — खरं सांगतो, तेवढ्या आनंदानं मी दुसरं काही केलेलं नाही.

इंजिन पाण्यावर थंड होणारं होतं. म्हणजे रेडिएटर आला. आणि रेडिएटर म्हणजे विमानाच्या अंगावर मुद्दाम लावलेला अडथळा. हवा त्याच्यातून गेलीच पाहिजे, नाहीतर इंजिन तापेल. आणि गेली की ती विमानाला मागं ओढते. जेवढी ओढ जास्त, तेवढी इंजिनाची ताकद वाया. ही ओढ कमी कशी करायची, एवढाच प्रश्न. मी पातळ रेडिएटर काढला होता. अंगानं पातळ, पण तोंडानं रुंद — नाकाखाली उघडाच टांगलेला. हवा त्याच्यातून सहज पार होते. कॉलेजातल्या लोकांना आणून दाखवला. एका वर्तमानपत्रात माझा फोटो आला, हात रेडिएटरवर ठेवलेला. तो फोटो मी कापून ठेवला होता. हेही सांगायलाच हवं ना?

मग विशू एक दिवस म्हणाला, "पातळ नको. जाड लावू."

जाड, पण तोंडानं लहान. पोटाखाली पत्र्याच्या बंद वाटेत बसवायचा. आम्ही तिला डक्ट म्हणायचो. पुढं लहान तोंड, मग हळूहळू रुंद होत गेलेली वाट, मध्ये रेडिएटर, मागं पुन्हा निमुळती. तो म्हणायचा, उघड्यावर जाड रेडिएटर लावला तर हवा आत शिरायच्या ऐवजी बाजूनं पळते, म्हणून लोक जाडाला नावं ठेवतात. पण वाट रुंद केली की हवा सावकाश होते, तिचा दाब वाढतो, आणि जाड जाळीतूनही ती निमूट जाते. मागून बाहेर पडताना पुन्हा वेग धरते. ओढ कमी.

बरोबर होतं ते. मला ऐकता ऐकताच कळलं होतं की बरोबर आहे. मी हाच विषय शिकवतो हो! तरी मी म्हणालो, "पाहू."

त्याच दिवसापासून माझ्या मनात काहीतरी वळवळायला लागलं. हे याला सुचलं कुठून? विमान चालवणारा माणूस, उष्णतेचं गणित कधी केलं नाही, आणि एकदम डक्टचं चित्र काढून आणतो? कुणी काढून दिलं? मी विचारलं तर म्हणाला, "क्लबात एक जुनं इमान होतं, त्याच्या पोटाखाली असंच होतं. रात-दिवस पाह्यचो त्याले." साधं उत्तर. पण मला ते जरा जास्तच साधं वाटलं.

मग फोन. काम करता करता त्याचा फोन वाजायचा, तो नाव बघायचा, आणि पाण्याच्या टाकीमागं जायचा. आधी आमच्यात असं काही नव्हतं. गोदामात सगळ्यांदेखत बोलायचा, मोठ्यानं, शिव्या देत. आता आवाज खाली. परत आला की चेहरा बंद. मी विचारायचो, "कोण होतं?" तो म्हणायचा, "कोणी नाही बे." कोणी नाही, तर इतका वेळ काय बोललास?

एकदा मी पाणी प्यायच्या निमित्तानं टाकीपाशी गेलो. निमित्तच ते — गोदामात माठ भरलेला होता. त्याचं बोलणं कानावर पडलं. "हाव, येतो मी पुण्याले. पण इथं कोणाले काही सांगू नको. दिगूले तर बिलकुलच नाही."

दिगूले तर बिलकुलच नाही.

तुम्ही असता तर काय समजला असता? मी जे समजलो ते असं — पुण्यातल्या कुणाला तरी हे विमान दाखवणार. जाड रेडिएटर त्याच माणसाचा. म्हणजे माझा काढून टाकला की माझं त्यात उरतंच काय? पंख त्याचे, गोदाम त्याचं, शेत त्याचं. पुढं कधी लोक विचारतील तेव्हा माझं नावही निघणार नाही. एकदा असं मनात बसलं की पुढचं सगळं आपोआप त्यात बसत जातं. तो मोबाइलवर इंजिनाचे फोटो काढायचा — कुणाला पाठवतो? विशूची बायको शोभावहिनी चहा देताना माझ्याकडे बघेना — हिलाही माहीत आहे. दोनदा तो न सांगता पुण्याला जाऊन आला. तिथून आलेल्या पिशवीत काय आहे, हे मी तो बाहेर गेल्यावर उघडून पाहिलं. बायकांचे कपडे होते आणि औषधं. तेवढ्यावर तरी मी थांबावं की नाही? मी मनाशी म्हणालो, बरोबर, खरं झाकायला वर काहीतरी टाकावं लागतंच.

शेवटी ठरलं की दोन्ही रेडिएटर तपासून पाहायचे. नवा महामार्ग आमच्या भागातून जात होता. रस्ता तयार होता, पण वाहतूक सुरू व्हायची होती. विशूच्या पिकअपवर लाकडी चौकट उभी केली. चौकटीला रेडिएटर झोपाळ्यासारखा टांगलेला, पुढून स्प्रिंगच्या काट्याला बांधलेला. गाडी पळाली की हवा रेडिएटरला मागं ढकलणार आणि ओढ काट्यावर दिसणार. गाडीच्याच इंजिनाचं गरम पाणी सैल नळ्यांनी त्यातून फिरवलं. किती थंड होऊन परत येतं, तेही दिसणार. गाडी तो चालवणार, मागं बसून काटा मी बघणार. आम्ही दोघंच.

सकाळी माझा पातळ रेडिएटर तपासला. बरा होता. वाईट नव्हता. मग त्याचा जाड चढवला. डक्ट आणि रेडिएटर यांच्यामध्ये चारी बाजूंनी रबराची पट्टी लागते. ती नसली तर हवा जाळीतून जातच नाही, फटीतून निसटते. मग दाब धरत नाही, पाणी थंड होत नाही आणि ओढही वाढते. त्या पट्टीवरच सगळा खेळ. ती विशूनं स्वतः चिकटवली होती. अंगठ्यानं दाबत, सगळीकडून फिरून.

आणि त्याचा फोन वाजला.

त्यानं नाव पाहिलं. "आलोच," म्हणाला, आणि रस्ता उतरून पार खाली शेताच्या कडेला गेला. माझ्याकडे पाठ. एक हात कपाळावर. मी गाडीवर बसून त्याच्या पाठीकडे बघत होतो. मला वाटलं — हा आत्ता त्यांना सांगतोय. आज तपासणी आहे, दिगूचा रेडिएटर आज बाद होतो.

मी वाकलो. खालच्या बाजूची पट्टी, जिथं सहसा नजर जात नाही, नखानं सोडवली आणि ओढून आत दुमडली. बस. काही अवघड नव्हतं.  आजही मला त्याच गोष्टीची भीती वाटते — की ते अवघड गेलं नाही.

तो परत आला. डोळे लाल होते. मला वाटलं उन्हानं. गाडी पळवली. काटा भराभर चढला, माझ्या रेडिएटरपेक्षाही वर. पाणी जवळपास तसंच गरम परत आलं. मी ओरडून आकडे सांगत होतो आणि माझ्या आवाजात आनंद येऊ नये म्हणून जपत होतो.

विशूनं गाडी उभी केली. खाली उतरून डक्टकडे बघत राहिला. म्हणाला, "असं होऊच नाही शकत. दिगू, पट्टी पाह्य बरं, सुटली तर नसंन?"

मी वाकलो. चांगला वेळ घेऊन पाहिलं. दुमडलेली पट्टी माझ्या नाकासमोर होती.

"आहे जागेवर," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. स्वतः वाकून पाहिलं नाही. मी पाहिलं होतं ना! "मंग माहं गणितच चुकलं," म्हणाला, आणि चाकापाशी बसला. मी म्हणालो, तू बस, मी उतरवतो. उतरवताना पट्टी पुन्हा जागेवर दाबून ठेवली. त्यानंतर त्यानं जाड रेडिएटरचं नाव काढलं नाही.

इथं थांबलो असतो तर ही एक क्षुद्र गोष्ट झाली असती. चार माणसांत सांगून हसता आली असती कदाचित. पण विमान माझ्या रेडिएटरवर पुरं झालं. परवानगी मिळाली. थंडीत विशूनं ते पहिल्यांदा उचललं. शेतावरून एक फेरी मारून उतरला तेव्हा आम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडलो. मी रडलो. ते रडणं खोटं नव्हतं, एवढं माना. की तेही मानू नये?

थंडीत सगळं चाललं. पण दर वेळी उतरल्यावर तो पाण्याच्या तापमापकाकडे बोट दाखवून म्हणायचा, "सुई वर सरकून राह्यली, दिगू. चढताना तं लयच." मी म्हणायचो, थोडं वर जाणारच. मला ठाऊक होतं की उन्हाळ्यात काय होईल. म्हणजे नक्की ठाऊक नव्हतं — पाहा, लगेच पळवाट काढतोय. ठाऊक होतं. उघडा, रुंद रेडिएटर विमानाला ओढून धरत होता. विमान हळू चढत होतं. हळू चढलं की वारा कमी लागतो, वारा कमी की पाणी तापतं. हे मी पोरांना शिकवतो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. विशू, ती तपासणी पुन्हा करू. कबुली द्यायचीही गरज नव्हती. तेवढंही बोललो नाही. कारण पुन्हा केली असती तर तो जिंकला असता.

वैशाखात तो वर गेला. एकटाच होता, हे नशीब. मी धावपट्टीच्या टोकाला उभा होतो. बाभळींच्या वर चढताना विमानामागं पांढरी रेघ दिसली. वाफ. मग इंजिनाचा आवाज बसला. वळून धावपट्टीवर यायला त्याच्याकडे उंची नव्हती. समोर नांगरून टाकलेलं शेत होतं, मोठमोठी ढेकळं. चाक रुतलं आणि विमान नाकावर उलटलं.

त्याचा उजवा गुडघा चिरडला. जालन्याच्या दवाखान्यात दोन ऑपरेशनं झाली. पाय वाचला, पण वाकत नाही. विमान चालवणं संपलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात शोभावहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. पदर तोंडाशी. मला वाटलं, त्या गुडघ्याचं बोलतील. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ह्यायचं मन वर्षभरापासून थाऱ्यावरच नव्हतं हो. पल्लवीपायी."

पल्लवी त्यांची मुलगी. पुण्यात दिली होती. नवरा मारायचा. तिनं ते घर सोडलं, एका मैत्रिणीच्या खोलीवर राहिली, आजारी पडली. विशू तिच्याशी बोलायचा तो टाकीमागं. तिला बघायला जायचा तो पुण्याला. मी उघडलेली पिशवी तिची होती. "दिगूभाऊजींले सांगू नको म्हणे, त्यायनं लग्नात तिचं कन्यादान पाह्यलं, त्यायले लय लागंन," वहिनी म्हणाल्या. "अन् त्या तपासणीच्या दिवशीच नवऱ्यानं तिले रस्त्यात गाठलं होतं. भर रस्त्यातून फोन करून राह्यली होती पोरगी."

मी काय केलं असेल? वहिनींना म्हणालो, "मला सांगायला हवं होतं त्यानं." तक्रारीच्या सुरात! त्यांनी माझी माफी मागितली.

ही गोष्ट इथं तरी संपायला हवी होती. पल्लवी घरी आली. सावरली. डिप्लोमा झालेला होता, तो धरून तिनं आमच्याच कॉलेजात पुढं प्रवेश घेतला. वर्गात मला सर म्हणायची, घरी काका. आणि शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट निवडायची वेळ आली, तेव्हा माझ्या टेबलासमोर येऊन म्हणाली, "सर, बाबांचा जाड रेडिएटर पुन्हा तपासायचा आहे. तुम्हीच गाईड व्हा."

 हिला काय माहीत आहे? हिनं हाच विषय का घ्यावा? बापानं पाठवली का? मी तिचा चेहरा वाचत राहिलो. म्हणालो, त्यात नवीन काही नाही, आम्ही करून पाहिलंय. ती म्हणाली, "पुस्तकातलं गणित बाबांच्या बाजूनं आहे, सर. मग रस्त्यावर उलटं कसं आलं, एवढंच बघायचंय." मी दुसरे तीन विषय सुचवले. तिनं ऐकून घेतले आणि आपलाच लिहून दिला.

आणखी एक सांगायचं राहिलं. इतकी वर्षं मी वर्गात ती तपासणी उदाहरण म्हणून सांगत आलो होतो. कागदावरचं गणित रस्त्यावर कसं फसतं, याचं उदाहरण. विशूचं नाव घेऊन. पोरं हसायची. पल्लवीही त्या वर्गात बसलेली होती. माझ्या मनाला तेव्हा शरम कशी वाटली नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

तिनं गोदामातून तोच रेडिएटर काढला. तीच लाकडी चौकट, नवी पट्टी. तपासणी दुसरबीडजवळच्या एका सरळ रस्त्यावर केली. विशू काठी टेकत आला होता. पल्लवीनं काटा बघायला मला बसवलं नाही, स्वतः बसली. साधी सोय म्हणून की दुसरं काही? मी विशूशेजारी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. गाडी गेली, आली. पुन्हा गेली, आली.

ती उतरली तेव्हा हसत होती आणि रडतही होती. ओढ माझ्या पातळ रेडिएटरच्या जुन्या आकड्यापेक्षा कितीतरी कमी होती. पाणी छान थंड.

"बाबा, तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली.

विशू लंगडत गाडीपाशी गेला. डक्टवरून हात फिरवला, जसा बैलाच्या अंगावरून फिरवतात. मग माझ्याकडे वळला. "म्हंजे माहं गणित नव्हतं चुकलं, दिगू. मंग त्या दिवशी काय झालतं?"

आता बघा. समोर तो उभा. त्याचा पाय. त्याची पोरगी. विचारतोय मलाच. याहून सरळ प्रश्न कुणी कुणाला विचारेल? आणि मी म्हणालो —

"तेव्हा तुझी पट्टी नीट चिकटली नसेल."

तुझी म्हणालो. मुद्दाम.

त्यानं डक्टवरचा हात काढला. "पण तू तं वाकून पाह्यली होती."

"ऊन फार होतं त्या दिवशी," मी म्हणालो. "नीट दिसलं नसेल."

पल्लवी नळ्या गुंडाळत होती, ती थांबली. विशू म्हणाला, "हाव. ऊन होतं खरं." आणि काठी टेकत सावलीत जाऊन बसला.

तो अजूनही मला चहाला बोलावतो. मी जातो. शोभावहिनी कप पुढं करतात तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांत शोधत बसतो, यांना कळलंय का. विशू गप्प बसला की शोधतो. हसला की जास्तच शोधतो. त्याला माहीत आहे की नाही, हे मला कळत नाही आणि विचारायची माझी हिंमत नाही.

पट्टी त्यानं नीट लावली होती. मी ती सोडवली, दुमडली, आणि जागेवर आहे असं सांगितलं. संशय खरा असता तरीही ते पाप माझंच ठरलं असतं, आणि खोटा निघाला तेव्हाही गप्प मीच बसलो.